शिंपल्याचा चिमटा

मेरेरिदने शिंपल्याची दाढी दोन बोटांत धरली आणि खसकन ओढली. कवचातून लोंबणारा तो तपकिरी झुबका निघून आला. तिने तो बादलीत टाकला आणि पुढचा शिंपला उचलला. चॅपेलच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात अशी अजून दोन पोती होती, आणि घड्याळात अकरा वाजून गेले होते.

"गाव खाणार नाही," दाराच्या चौकटीला टेकून तिचा धाकटा भाऊ इडवल म्हणाला. "गावाच्या लेखी हे आमिष. गळाला लावायचं."

"खाईल की नाही ते दुपारी कळेल. नुसता उभाच आहेस, तर दाढ्या ओढ."

इडवलने दाढ्या ओढल्या नाहीत. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या या आबरहेली गावात माणसाला त्याच्या धंद्यावरून नाव पडतं. टपाल वाटणारा ग्विलिम पोस्ट, तसा हा इडवल शिंपला. बापाच्या बोटीवर चाळीस वर्षं त्याने खाडीच्या तळाशी निळे शिंपले वाढवले, पण एकही कधी तोंडात घातला नव्हता. बापानेही घातला नव्हता. शिंपले लॉरीत चढायचे, लॉरी जहाजात, आणि दुसऱ्या दिवशी माल फ्रान्सच्या टोकाला, ब्रिटनीत, घाऊक खरेदी करणाऱ्या फान्श केर्लेओच्या दारात. दर गुरुवारी त्याचा फोन यायचा. "मेरेरिद! पाणी कसं आहे?" ती म्हणायची, "खारट." मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत व्यवहाराचं बोलणं. बावीस वर्षं तिने तो आवाज ऐकला. माणूस कधी पाहिला नाही.

मग देश युरोपच्या सामाईक बाजारातून बाहेर पडला. बाहेरच्यांचे जिवंत शिंपले आत यायचे तर आधी शुद्ध पाण्याच्या टाक्यांत राहिलेले हवेत, आणि सोबत जनावरांच्या डॉक्टरच्या सहीचा कागद हवा. लॉरीभर मालाला पुरतील एवढ्या टाक्या अख्ख्या खाडीवर कुणाकडे नव्हत्या. लॉरी यायची बंद झाली. शिंपले मात्र वाढतच राहिले. त्यांना कुणी काही कळवलं नव्हतं.

बाहेर पडायच्या बाजूने मतपत्रिकेवर फुली मारणाऱ्यांत इडवलही होता. 'आपल्या समुद्रातलं आपल्याला मिळेल,' असं तो तेव्हा म्हणाला होता.

"मिळालं की," ओढलेली दाढी बादलीत फेकत मेरेरिद आताही म्हणाली. "सगळंच्या सगळं."

"झालं तुझं सुरू. सोमवारी दहाला तो चेस्टरचा माणूस येतोय, लक्षात आहे ना?"

चेस्टरचा माणूस बोट विकत घेऊन जमिनीवर उभी करणार होता. आत पलंग, खिडक्यांना पडदे, पर्यटकांना राहायला. त्यावरून भावाबहिणीत पैज लागली होती. उसन्या आणलेल्या लहानशा टाकीत दोन दिवस राहिलेले हे शिंपले आज गावाने संपवले, तर बोट विकायची नाही; मेरेरिद गावोगावच्या खानावळींना माल देणार. पण एक जरी उरला, तरी सोमवारी कागदावर सही.

"एक जरी," इडवलने पुन्हा सांगितलं.

"ऐकलं रे."

साडेबाराला गावजेवणाला माणसं आली आणि अंगातले कोट न काढताच बसली. बटाटे संपले, पाव संपला. वाडग्यातल्या शिंपल्यांकडे मात्र लोक असे बघत होते, की ते उलट बघतील अशी भीती वाटावी. महिला मंडळाच्या नेस्टाबाईंनी एक तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि रुमाल तोंडाशी नेला. एक वाजला. दीड पोतं तसंच होतं. इडवल भिंतीशी उभा होता आणि जिंकत होता, पण त्याचा चेहरा जिंकणाऱ्या माणसाचा नव्हता.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मेरेरिद! पाणी कसं आहे?"

दारात एक उंच, हडकुळा म्हातारा उभा होता. खांद्यावर कांद्यांची लांबलचक माळ. मेरेरिदच्या हातातली पळी हवेतच राहिली.

"खारट," ती म्हणाली.

"शिंपला येत नाही," फान्श म्हणाला. "मग मी येतो. मला जनावराच्या डॉक्टरची सही लागत नाही."

तो सरळ स्वयंपाकघराकडे गेला, पातेल्यावरचं झाकण उचललं, वास घेतला आणि दुखावल्यासारखा मेरेरिदकडे पाहत राहिला. मग कोटाच्या आतून एक बाटली काढून स्वतःशीच आपल्या ब्रिटनीच्या ब्रेटन भाषेत काहीतरी पुटपुटला. इथे कुणाला कळणार, अशा समजुतीने. त्यातला एकच शब्द हॉलभर ऐकू गेला: ग्विन.

वेल्श भाषेतही वाइनला ग्विनच म्हणतात. साठ माना एकदम वळल्या. प्रार्थनाघराच्या या छपराखाली शंभर वर्षांत दारूचा थेंब आला नव्हता. नेस्टाबाई उठून उभ्या राहिल्या.

"सिरका असेल," ग्विलिम पोस्ट घाईघाईने म्हणाला. "आमच्या आजीकडे तिकडचे कांदेवाले यायचे सायकलवरून. त्यांची भाषा म्हणजे आपलीच, फक्त सर्दी झालेली. एखादा शब्द इकडचा तिकडे व्हायचाच."

नेस्टाबाईंनी बाटलीचा वास घेतला. खात्री करायला पुन्हा घेतला.

"सिरकाच आहे," त्या म्हणाल्या. "पातेलं मोठं आहे, हात आखडू नका."

कांदे चिरले गेले, लोणी वितळलं, सिरका ओतला गेला. वाफेचा पहिला लोट हॉलमध्ये शिरला तसे लोक कोट काढू लागले. फान्श बाकावर बसला. एक शिंपला त्याने बोटांनी खाल्ला, मग त्याच रिकाम्या कवचाची दोन पाकळ्यांची जोडी चिमट्यासारखी धरून पुढच्यातलं मांस अलगद उचललं. काटा नाही, चमचा नाही. पोरांनी करून पाहिलं. मग पोरांना जमतं म्हणून मोठ्यांनी. थोड्या वेळाने हॉलभर नुसती टकटक, आणि ग्विलिम पोस्टचा चिमटा नेस्टाबाईंच्या वाडग्यात.

"तुमचा तुमच्यात घाला, ग्विलिम!"

"तुमचेच गोड लागतात."

अडीच वाजता दोन्ही रिकामी पोती खिडकीबाहेर झटकली गेली. टेबलांवर निळ्या कवचांचे ढीग लागले होते. फान्श खुर्चीत मागे रेलून आपल्याला येणारं एक भजन म्हणत होता, आणि अर्धा हॉल त्यात शब्दांची दुरुस्ती करत होता.

पातेलं विसळायला मेरेरिदने उचललं आणि थांबली. तळाच्या रश्श्यात एक उरला होता. चांगला उघडलेला, भरलेला.

तिने तो वाडग्यात घेतला. पुढच्या टेबलावरच्या कुणीही तो सहज संपवला असता, खुद्द तिनेही. पण ती भिंतीशी गेली आणि वाडगा इडवलच्या हातात दिला.

"एक उरला," ती म्हणाली.

इडवल वाडग्याकडे बघत राहिला. मग शेजारच्या ढिगातून त्याने एक रिकामं कवच उचललं. पहिल्यांदा चिमटा घसरला. दुसऱ्यांदा नीट लागला. तो डोळे मिटून सावकाश चावत होता, आणि मेरेरिद त्याच्याकडे न बघता पातेलं पुसत होती.

"चाळीस वर्षं," शेवटी तो म्हणाला.  वाडगा तिरका करून तळाचा रस्साही प्यायला.

"बाकी काही नाही, पण त्या चेस्टरवाल्याला फोन कर," तोंड पुसत तो म्हणाला. "सोमवारी दहाला भरती आहे, बोट खाडीत असेल."