सेहऱ्याआडची बुराक

“बाबूभाई, मले तो हत्तीवरचा सिंह नाई पायजे, अन् ड्रॅगनबी नाई पायजे. बुराक पायजे. तुमच्या हातची,” गुलाबशेठ म्हणाला आणि त्यानं नव्या कोऱ्या ट्रकच्या बोनेटवर थाप मारली.

बाबूभाईच्या हातातली नमुन्यांची वही तशीच उघडी राहिली. बल्लारपुरातल्या त्या टिनाच्या शेडमध्ये ही वही म्हणजे जगभरच्या अचाट जनावरांचा गोठाच होता. चंद्रपूरच्या वेशीवरचा, हत्तीला पायाखाली घालणारा सिंह. चोचीत साप धरलेला गरुड. मगरीच्या तोंडाचा मकर. कॅलेंडरवरून उतरवलेला चिनी ड्रॅगन, केस विंचरणारी जलपरी. आणि शेवटच्या पानावर बुराक, पैगंबरांना आसमानात नेणारी सवारी: अंग घोड्याचं, पंख गरुडाचे, पिसारा मोराचा आणि तोंड बाईचं.

पण बाबूभाईच्या बुराकीचं तोंड आजवर कोणी पाहिलं नव्हतं. त्याचा बाप शिकवून गेला होता, ‘अंग रंगवणं आपलं काम, चेहरा देणं अल्लाचं.’ म्हणून कपाळापासून गळ्यापर्यंत तो मोगऱ्याच्या माळांचा सेहरा सोडायचा, निकाहात नवरा-नवरीच्या तोंडावर असतो तसा. कोरपन्यापासून जिवतीच्या घाटापर्यंत ड्रायव्हर लोक छातीठोकपणे सांगायचे, सेहऱ्याची बुराक असलेली गाडी पलटत नाही. खरं-खोटं अल्ला जाणे. त्या वर्षी घाटात गुलाबशेठच्या दोन गाड्या पलटल्या, म्हणून त्याला बुराक आठवली.

आणि आला कोणाकडे? बाबूभाईकडे! आता काय म्हणावं?

पाच वर्षांपूर्वी, त्र्याण्णवच्या थंडीत, राजुऱ्याच्या रोडवर भर दुपारी हाच गुलाबशेठ पिऊन, ड्रायव्हरला बाजूला बसवून, स्वतः ट्रकच्या स्टिअरिंगवर बसला होता. सायकलनं घरी येणाऱ्या रूहीला त्यानं उडवलं. बाबूभाईची एकुलती एक पोरगी. एकोणीस वर्षांची. ईदनंतर तिचा निकाह होता. पानठेलेवाल्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच संध्याकाळी बाबूभाईला येऊन सांगितलं. कोर्टात मात्र त्याला काही म्हणता काही आठवेना. शेठचा ड्रायव्हर मुखरू उभा राहिला आणि म्हणाला, गाडी मीच चालवत होतो. तो आत जाऊन आला, आल्यावर पुन्हा शेठच्याच गाडीवर बसला. शेठ एकदाही कोर्टात फिरकला नाही. सगळं वकिलानं निपटवलं. मेलेल्या पोरीच्या बापाचं नाव काय, तो कुठं राहतो, कशावर पोट भरतो, याची चौकशी करायची तसदीही शेठनं घेतली नव्हती.

मुखरूला मात्र सगळं माहीत होतं. तो ट्रकच्या पलीकडे मान खाली घालून टायर पुसत होता. पुसून झालेलाच टायर पुन्हा पुसत होता.

“काढून देतो, शेठ,” बाबूभाई म्हणाला. “अशी काढतो का जलमभर ध्यानात राहीन.”

दुपारी घरी जाऊन त्यानं पेटी उघडली आणि रूहीच्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो सोडवला. जुळलेल्या भुवया, हनुवटीवर डावीकडे तीळ. जैनब पोळ्या टाकायची थांबली.

“अजी, तो काऊन काढला?”

“बुराकीले तोंड देणार हाय या खेपेले. गुलाबशेठची गाडी आली हाय.”

जैनबला समजायला एक क्षण लागला. मग ती उठून त्याच्या समोरच येऊन उभी राहिली. “अब्बांनी सांगतलेलं इसरले? अन् तिले त्या हरामखोराच्या गाडीवर बसवता?”

“त्याले दिसली पायजे ती! गाडी दारात उभी केली तरी दिसली पायजे, गाडीमागून गेला तरी दिसली पायजे. मले त्याची झोप पायजे, जैनब. पाच वर्सं माझी गेली, आता त्याची जाऊ दे.”

“गुनाह हाय हा.”

“मंग मी भरीन तो.”

जैनब पुन्हा चुलीपाशी बसली. त्यानंतर चार दिवस ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

चार दिवस बाबूभाईनं दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर आधी निळं आभाळ केलं, मग घोड्याचं अंग, पंखातलं पीस न् पीस. चेहऱ्याचं काम ताडपत्रीच्या आत बसून केलं. डोळे सगळ्यात शेवटी. डोळे काढताना तो एकदाही थांबला नाही, कारण मनात पोरीची माया नव्हतीच त्या वेळी. होता तो निव्वळ गुलाबशेठ. बाबूभाई मनातल्या मनात त्याला ताडपत्रीपुढे उभा करायचा, ताडपत्री ओढायचा, त्याचं तोंड पांढरंफटक पडलेलं पाहायचा. पुन्हा उभा करायचा, पुन्हा ओढायचा. या खेळात त्याला भूकही लागत नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी गुलाबशेठ झेंडूचा हार आणि नारळ घेऊन आला. मुखरू नळावरून पाण्याची बादली भरून आणत होता. बाबूभाईनं ताडपत्री ओढली.

त्यानं चित्राकडे बघितलंच नाही. तो शेठच्या तोंडाकडे बघत होता.

शेठनं पाहिलं. दोन पावलं पुढे जाऊन पाहिलं. मान तिरकी करून पाहिलं.

“वा, बाबूभाई, वा! एक नंबर!” तो खुशीत ओरडला. “कोणती हिरोईन हाय ही? सेहरा नाई रंगवला ते लय चांगलं केलं. मागचा गाडीवाला हिलेच पाहत राहीन!”

बाबूभाईनं पुन्हा निरखून पाहिलं. शेठच्या डोळ्यांत भीती नव्हती, ओळख नव्हती, काही म्हणजे काही नव्हतं.

मागे धाडकन बादली पडली. मुखरू ओल्या मातीत उकिडवा बसला होता, दोन्ही हात डोक्यावर.

“काय झालं बे?” शेठ वैतागला.

मुखरूनं खिशातून किल्ली काढली आणि ट्रकच्या मडगार्डवर ठेवली. “मी नाई चालवत ही गाडी, शेठ.”

“काऊन?”

“म्या उचललं होतं तिले. ही हनुवटी माझ्या हातात होती, हा तीळ माझ्या अंगठ्याखाली होता. तुम्ही कुठी उतरले? तुम्ही तर केबिनमंधी काच वर करून बसले होते.”

बाबूभाईनं हे ऐकलं. पाच वर्षं तो एकाच गोष्टीच्या आधारानं जगत होता, की हा चेहरा या माणसाला कधीतरी, एखाद्या रात्री तरी, झोपेतून उठवत असेल. आणि यानं तो पाहिलाच नव्हता! पोरगी रस्त्यावर पडलेली असताना याला खाली उतरून पाहावंसंही वाटलं नव्हतं. बाबूभाईच्या डोक्यात जो जाळ उठला, त्यापुढे पाच वर्षांचा सगळा राग काहीच नव्हता.

त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, बारीक ब्रश घेतला आणि स्टुलावर चढला. कपाळापासून त्यानं पहिली माळ सोडली. कळी, कळी, कळी.

“अरे, अरे! झाकून काऊन राह्यले?” गुलाबशेठ ओरडला. “इतका चांगला चेहरा!”

“पोरगी हाय माझी, शेठ,” मागे न वळता बाबूभाई म्हणाला. “रूही. राजुऱ्याच्या रोडवरची. पाहाची होती तेव्हा तुम्ही पाह्यली नाई. आता तिचं तोंड मी तुमच्यापुढं उघडं नाई ठेवत.”

दुसरी माळ झाली, तिसरी झाली.

“पुसा ते,” गुलाबशेठ म्हणाला. आवाज त्याचा राहिला नव्हता. “आत्ताच्या आत्ता पुसा.”

“रॉकेल तिथं हाय. बोळा तिथं हाय. तुम्हीच पुसा.” बाबूभाई स्टुलावरून खाली उतरला आणि बाजूला झाला. “पण चेहरा सुकला हाय, शेठ. फुलं ओली हायेत. पुसाल तं अगोदर फुलं जातील. मंग ती दिसन.”

गुलाबशेठनं बोळा भिजवला, तावातावानं स्टुलावर चढला आणि एक माळ फराटून टाकली. माळेखालून डावा डोळा त्याच्याकडे पाहू लागला. एवढ्या जवळून. शेठचा हात तिथंच थांबला. बोळ्यातलं रॉकेल कोपरावरून सदऱ्यात उतरलं तरी त्याला समजलं नाही. मग तो खाली आला, बोळा मातीत टाकला आणि रोडकडे चालायला लागला. वेगात नाही, पळतही नाही, पण मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही. स्टुलावर चढताना काढलेली चप्पल खालीच राहिली होती. नारळ आणि हारही तिथंच राहिले.

बाबूभाईला वाटलं होतं, अशा वेळी आपण हसू. हसू आलं नाही.

“भाई,” मुखरू मागून म्हणाला, “मले माफ–”

“नाई करत,” बाबूभाई म्हणाला. “स्टूल धर. हालून राह्यलं ते.”

मुखरूनं दोन्ही हातांनी स्टूल धरलं. बाबूभाईनं फराटलेली माळ पुन्हा रंगवली. डोळा झाकला. जुळलेल्या भुवया झाकल्या. गाल, नाक, ओठ. आता मात्र प्रत्येक कळीपाशी तो थांबत होता.

जैनब चहाची किटली घेऊन कधी येऊन उभी राहिली, ते कोणालाच कळलं नाही. मातीतला बोळा, शेठची चप्पल, स्टूल धरून रडणारा मुखरू, सगळं तिनं पाहिलं. मग वर फाळक्याकडे पाहिलं. चार दिवसांनी पहिल्यांदा ती नवऱ्याशी बोलली.

“खाली एक कळी राहून गेली, अजी.”

हनुवटीवरचा तीळ तेवढा उघडा होता. बाबूभाई थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. मग ब्रश रंगात बुडवून त्यानं शेवटची कळी तिळावर काढली.