गाभा

योगीराजने उकळत्या पातेल्यातून चिमट्याने फळीचा तुकडा काढला, पंच्याने पुसला आणि कॅलिपरच्या जबड्यात धरला. पाण्यात टाकताना होती तेवढीच जाडी. त्याने पुन्हा मोजलं. मग तुकडा कानाजवळ नेऊन बोटाने वाजवला. आवाज टणक आला.

राजेश्री घरातून शेडमध्ये आली. नवऱ्याचे कितीतरी तुकडे भिजून पोह्यांसारखे फुगलेले तिने इथंच पाहिले होते.

"न्हाई फुगला?"

"न्हाई."

कापूस वेचून झाला की पेडगावात लोक शेतात उरलेली वाळकी झाडं, पऱ्हाट्या, बांधावर जाळत. त्यांचा भुगा करून, दाबून, लाकडासारखी फळी करायची म्हणून योगीराजने वाळूजची नोकरी सोडली होती. फळी झाली, पण पाणी लागलं की फुगायची. तेव्हा राजेश्रीचे दूरचे मामा, पाथरीचे जिनिंगवाले भगवानराव मदतीला आले. मशीन माझी, डोकं तुमचं, असं म्हणाले. पुढे त्यांनी सगळी कृती स्वतःच्या मुलाच्या नावे पेटंट करून घेतली, तशीच अर्धवट फळी बाजारात आणली, आणि जाब विचारायला गेलेल्या योगीराजला वॉचमनने फाटकावरूनच परत फिरवलं.

दोष पऱ्हाटीच्या मऊ गाभ्यात होता, हे योगीराजला आता सापडलं होतं. तोच पाणी पीत होता. गहू उपणतात तसा भुगा वाऱ्यावर धरून गाभा उडवून लावला की झालं. एका दमात कुणालाही सांगता येईल इतकं सोपं.

"मग आता इकायला काढा की," राजेश्री म्हणाली.

"आधी मामांची फुगू दे."

"लोकांच्या घरात?"

"लोकांच्याच घरात."

तुकडा त्याने पेटीत टाकला आणि कुलूप लावलं.

दोन पावसाळ्यांत ते घडलं. न्हाणीची दारं चौकटीत अडकली, ओट्याखालची कपाटं पोट सुटल्यासारखी दिसू लागली. योगीराज मोटरसायकल काढून ते बघायला जायचा. ताडकळसच्या बाजारात कुणी भगवानरावांना शिव्या देत असलं की चहा मागवून शेवटपर्यंत ऐकत बसायचा. त्या दिवशी त्याला एखादी भाकरी जास्त जायची.

शेवटी भगवानराव स्वतः पेडगावला आले. खुर्चीत बसताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला.

"जावईबापू, कामावरची माणसं घरी बसवायची पाळी आलीय. काय करावं सांगा. फळीवर तुमचं नाव लावतो."

"च्या घ्या, मामा. थंड व्हायलाय."

"चुकलं माझं."

"फळी तुमची हाय. मला काय कळतंय तिच्यातलं."

भगवानराव कप तसाच ठेवून उठले. योगीराज त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला, गाडीचं दार त्यानेच लावलं. घरात येऊन त्याने तो थंड चहा उभ्यानेच पिऊन टाकला. राजेश्री दारात उभी होती.

दसऱ्याला पाथरीच्या कारखान्याला कुलूप लागलं.

त्यानंतर योगीराजने नव्या फळ्या ऑटोत टाकल्या आणि परभणीला महारुद्रच्या प्लायवूडच्या दुकानात नेल्या. महारुद्रने कड नखाने खरवडली, एक स्क्रू पिळून पाहिला.

"लय भारी माल हाय. कशाचा?"

"पऱ्हाटीचा. गाभा काढलेला. ही फुगत न्हाई."

महारुद्रने स्क्रू उलटा फिरवून काढून घेतला.

"भाऊ, मला पटतंय. पर पऱ्हाटी म्हणलं की गिऱ्हाईक पायरी उतरायलंय. किती घरची दारं आमी बदलून दिली. दुसऱ्या दुकानातबी हेच ऐकाल. पार नांदेडपतूर नाव खराब झालंय."

"ही फळी येगळी हाय."

"तुमच्यासाठी. लोकांना एकच ठाऊक हाय."

समोर ट्रकमधून परराज्यातलं प्लायवूड उतरत होतं. हमाल फळ्या डोक्यावर घेऊन त्या दोघांना वळसा घालून आत जात होते.

"तो कारखाना चालू होता तवाच हे आलं असतं तर नाव वाचलं असतं," महारुद्र म्हणाला. "तुमाला कधी जमलं?"

योगीराजने फळीवर पडलेला बारीक भुगा तळहाताने झटकला.

"आत्ता," तो म्हणाला. "दसऱ्यानंतर."

महारुद्रने मान हलवली, आणि फळी परत ऑटोत ठेवायला तो खाली वाकला.