राखीव चौकटीतली हिरवी गाडी

मंगळवारी सकाळी सात वाजता मास्तरांची हिरवी गाडी गल्लीत शिरली, तेव्हा कडेच्या पार्किंगच्या अकराही चौकटी रिकाम्या होत्या आणि अकराही राखीव.

मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी ओफेलियाबाई होत्या, चेहरा सुजलेला. समोरच्या दवाखान्यात त्यांचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, अकरापर्यंत.

"मेलितोन, माझी बादली कुठंय?" मास्तरांनी विचारलं.

"पालिकेनं उचलली, मास्तर. कालपासून फोनवरून जागा धरायची."

"माझा फोन फक्त वाजतो."

एकोणीस वर्षं मेलितोन सिमेंट भरलेल्या बादलीने लोकांच्या जागा धरत आला होता. काल पार्किंगच्या नव्या कंपनीने त्याला पिवळं जॅकेट आणि एक यंत्र दिलं. आरक्षण नसलेली गाडी दिसली की फोटो पाठवायचा, जॅमर लागतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिला पगार, पहिला आजारपणाचा विमा. पहिल्या महिन्यात एक चूक, की जॅकेट परत.

त्याने बाईंकडे पाहिलं. "चारमध्ये लावा. न्यूट्रलला, हँडब्रेक नको. नेहमीसारखं." मास्तर बाईंना धरून दवाखान्यात गेले.

त्याला गाडी चालवता येत नव्हती, पण ढकलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चौकटीत जमिनीत बसवलेली चकती गाडी आहे की नाही एवढंच ओळखते, कोणाची ते नाही, हे त्याने कालच हेरलं होतं. आरक्षणवाला दहा मिनिटांवर आला की यंत्र टुणटुणायचं.

आठला यंत्र चार नंबरसाठी टुणटुणलं. त्याने गाडी मागे पाचमध्ये ढकलली. पावणेनऊला सहामध्ये. साडेनऊला सातमध्ये. राखीव जागा तासन्‌तास रिकाम्याच राहत होत्या, म्हणून हे जमत होतं.

दहा वाजून वीस मिनिटांनी पर्यवेक्षक यादिरा मोटरसायकलवरून उतरली.

"तीन चौकटी, काका. तिन्हींतली गाडी आरक्षणवाला यायच्या दहा मिनिटं आधी निघून जाते. आकडे बघणाऱ्याला हसू येतंय. ही कोणाची?"

"आत बाई सुईवर आहेत. चाळीस मिनिटं द्या."

"मी दिली, तर उद्या कोणीतरी माझीच तक्रार वर पाठवेल." ती हळू बोलली. "तुम्ही पाठवा, मी बाकीचं पाहिलं नाही. नाहीतर मला पाठवावा लागेल, आणि जॅकेटही न्यावं लागेल."

मेलितोनने यंत्र उचललं. पडद्यावर गाडीचा नंबर नीट आला. मागच्या सीटवर बाईंचं ब्लँकेट घडी करून ठेवलेलं होतं.

त्याने यंत्र खाली घेतलं, जॅकेट काढून मोटरसायकलवर ठेवलं आणि उघड्या खिडकीतून स्टिअरिंग धरलं.

"काका, करताय काय?"

"जॅमर उभ्या गाडीला लागतो ना?"

त्याने खांदा लावला. गाडी रस्त्याच्या मधोमध आली आणि माणसाच्या चालीने पुढे सरकू लागली. मागे हॉर्नची रांग लागली.

"ए म्हाताऱ्या, बाजूला लाव की!" टॅक्सीवाला ओरडला. "एवढी जागा मोकळी आहे, दिसत नाही का?"

मेलितोनने वळून पाहिलं नाही. अकराला अजून अर्धा तास होता, आणि कोपरा जवळ आला होता.