दोनदा मोजलेला ओके

कारखान्यात त्याला सगळे खडूकाका म्हणत. लिफ्टच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पिनांची जाडी मोजायची आणि ट्रेवर खडूने ‘ओके’ लिहायचं, हे त्याचं काम. पण पिना दोनदा मोजल्याशिवाय तो शब्द उमटेल तर शपथ. पहिल्यांदा डावीकडून, मग चहा झाल्यावर उजवीकडून.

बाकी जग हा शब्द चिल्लरीसारखा उधळत होतं. लेक फोन ठेवताना ‘ओके’ म्हणे, रुसली तरी ‘ओके’ म्हणून तोंड फिरवी. सुपरवायझर तर काही ऐकलं नसलं तरी ‘ओके’ म्हणे. खडूकाकाला याचा मनस्वी राग. बायकोने नवे पडदे लावून कसे दिसतात विचारलं, तरी तो ‘बघू’ म्हणे. ते पडदे विटून गेले, पण त्याचं बघून व्हायचं होतं.

बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन तीनला होतं. सकाळी पिना एकदा मोजून झाल्या आणि लेकीचा फोन आला, वेळ अलीकडे घेतलीय, लगेच या. सुपरवायझरने विचारलं, ट्रे ओके ना, दुपारी गाडी निघेल. खडूकाकाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याने खडू उचलला, लिहिलं आणि धावत सुटला.

हॉस्पिटलात बायकोच्या उशाशी टेकल्यावर त्याला आठवलं, ट्रे एकदाच मोजला होता. बाहेर जाऊन त्याने फोन लावला, ट्रे थांबवा म्हणाला. मागे यंत्रांचा खडखडाट चालू होता. “ओके काका, ओके,” म्हणून सुपरवायझरने फोन ठेवला. हा कसला ओके, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पुन्हा लावला तर कोणी उचलेना.

तो आत आला तेव्हा बायको त्याच्या तोंडाकडेच बघत होती. तीस वर्षांच्या संसारात लपवणार काय? त्याने सांगून टाकलं.

“जा तुम्ही,” ती म्हणाली. “माझ्याजवळ डॉक्टर आहेत. त्या पिनांजवळ कोणी नाही.”

लेक आडवी आली. आईला काही झालं तर मला तोंड दाखवू नका, असंही बोलून गेली. तिचंही काही चुकत नव्हतं. बसमध्ये खडूकाकाला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने कोणाकडे मान वर करून पाहिलं नाही.

ट्रे गाडीत चढला होता. त्याने तो उतरवून घेतला आणि उजवीकडून मोजायला सुरुवात केली. नववी पिन केसभर बारीक निघाली. त्याने ती बाजूला काढली, ‘ओके’ तळहाताने पुसला, उरलेल्या सगळ्या पुन्हा मोजल्या आणि मगच लिहिलं.

संध्याकाळी तो हॉस्पिटलात परतला तेव्हा डॉक्टर घाईघाईत बाहेर आले, सगळं ओके आहे म्हणाले. लेक रडत रडत त्यांचे आभार मानत होती. खडूकाका नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी बायकोने डोळे उघडले. पहिलं काय विचारलं, तर “निघाली का एखादी?”

“एक निघाली.”

मग ती म्हणाली, “आणि मी?”

त्याने स्टूल ओढलं. तिचं डावं मनगट धरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर ठोके मोजले. मग उठला, पलंगाला वळसा घालून पलीकडे गेला आणि सलाइनची नळी सांभाळत उजवं मनगट धरलं. लेक दारात उभी होती. ब्याऐंशी. दोन्ही वेळा ब्याऐंशी.

“ओके,” तो म्हणाला आणि तिच्या हातावर कपाळ टेकून रडला.