ग्रेनाडातला गुरुवार

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी माझा धाकटा भाऊ गंधार वॉटफर्डहून आमच्या साउथहॅम्प्टनच्या घरी आला, तेव्हा त्याच्या काखेत एक लॅमिनेट केलेला तक्ता होता. तो त्याने जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर आमचेच चार कप ठेवले. जानेवारीच्या अखेरीस आम्ही चौघे कॅरिबियनच्या क्रूझवर निघणार होतो: तो, त्याची बायको अनुया, मी आणि माझी बायको अनुराधा. जहाज साउथहॅम्प्टनहूनच सुटणार असल्यामुळे घर आमचे आणि नियोजन त्याचे, अशी विभागणी त्याने परस्पर करून टाकली होती.

तक्त्यावर सात बंदरे होती. प्रत्येक बंदरासमोर जहाज लागण्याची वेळ, परत चढण्याची शेवटची वेळ आणि मधले सगळे तास पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटींत बसवलेले. 'बाथरूम' अशी स्वतंत्र चौकट होती आणि ती रोज दोनदा येत होती.

"लॅमिनेट कशाला केलंस?" मी विचारले.

"म्हणजे कुणी पेन घेऊन बदल करत बसणार नाही."

"आणि बदल करावा लागला तर?"

"लागणार नाही, दादा. सगळं चेक केलंय."

गंधार एका विमा कंपनीत जोखीम मोजतो. तो ती मोजतो यावर माझा विश्वास आहे. बरोबर मोजतो, याचा पुरावा मला अजून मिळालेला नाही. मी स्वतः एकतीस वर्षे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्तातले क्षार मोजले. तिथे दशांशचिन्ह एक घर सरकले तर माणूस दगावतो. "सगळं चेक केलंय" हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा ऐकले आहे, आणि ते ऐकले की मी चष्मा लावतो.

अनुराधाने मात्र एकच ओळ पाहिली. गुरुवार, ग्रेनाडा. त्या ओळीत चौकटी नव्हत्या. फक्त एवढेच छापले होते: 'मोकळा दिवस. वहिनी: व्हॅनने गुयाव्ह, ९ ते ३.' तिने त्या ओळीवरून बोट फिरवले आणि गंधारकडे पाहून मान हलवली. त्या दोघांमध्ये गेल्या वर्षभरात घडलेला सौजन्याचा हा एकमेव प्रसंग असावा.

गुयाव्ह हे ग्रेनाडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोळ्यांचे गाव. तिथे मर्ल राहते. अनुराधा १९९० साली एकटीच या देशात आली आणि इथली डॉक्टरकीची परीक्षा पहिल्या खेपेला नापास झाली. हॉस्टेलची खोली तिला आठवड्यात सोडावी लागणार होती. तेव्हा वॉर्डची सिस्टर असलेल्या मर्लने तिला पोर्ट्सवुडमधल्या आपल्या घरी नेले. सामान ठेवायच्या चिमुकल्या बॉक्सरूममध्ये अनुराधा सात महिने राहिली आणि तिथल्या इस्त्रीच्या टेबलावर अभ्यास करून पास झाली. निवृत्तीनंतर मर्ल ग्रेनाडाला परत गेली. आता ती एकोणनव्वद वर्षांची आहे, दृष्टी गेली आहे आणि फोनवरचे तिला ऐकू येत नाही. सप्टेंबरात तिच्या भाचीचे पत्र आले होते: यायचे असेल तर आत्ता या, ती अजून माणसे ओळखते. अनुराधाने ही क्रूझ त्या एका दिवसासाठी मान्य केली होती. उरलेली सहा बंदरे तिने सोसायची ठरवली होती.

गुरुवार मोकळा ठेवण्यामागे गंधारचे सौजन्य नव्हते हे मला ठाऊक होते. त्या दिवशी संकष्टी होती. तनिषाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, मेडिकलला प्रवेश मिळावा म्हणून अनुयाने एकवीस संकष्ट्यांचा नवस केला होता. प्रवेश मिळाला होता, अठरा संकष्ट्या झाल्या होत्या, आणि त्या पूर्ण केल्याशिवाय सोडणे तिच्या मते कृतघ्नपणाचे होते. उपाशी माणसाला घेऊन धबधबे चढण्यात अर्थ नाही, म्हणून गंधारने तो दिवस रिकामा सोडला आणि रिकामी व्हॅन वहिनीला दिली.

"दादा, एक सांगा," अनुयाने पिशवीतून कॅलेंडरचे दुमडलेले पान काढले. "यात चंद्रोदय नऊ पस्तीस दिलाय. तिकडे तोच धरायचा ना?"

पान पुण्याचे होते. तिची आई दर दिवाळीला पुढच्या वर्षाचे कॅलेंडर पाठवते आणि वॉटफर्डमधले त्यांचे सगळे उपास त्याच्यावर चालतात.

प्रश्न मला विचारला होता आणि उत्तर मला येत होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी थांबत नाही. मी लॅपटॉप उघडला.

"नऊ पस्तीस ही पुण्याची वेळ आहे," मी म्हणालो. "पण वेळेचं सोड, तुझा वारच चुकलाय. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर दोनशे सोळा अंश झालं की चतुर्थी लागते. ते सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी होतं. तो क्षण पुण्यात बुधवारची मध्यरात्र उलटल्यावर येतो, म्हणून तिथे गुरुवारची संकष्टी. कॅरिबियनमध्ये त्याच क्षणी बुधवारची दुपार असते, पावणेतीनच्या आसपास. बुधवारी साडेआठला चंद्र उगवेल तेव्हा चतुर्थी असेल. गुरुवारी उगवेल तेव्हा पंचमी लागलेली असेल."

अनुराधाने कप उचलला. तक्त्याचा तो कोपरा वर वळला. बाकीच्यांच्या आधी तिला समजले होते.

"म्हणजे संकष्टी बुधवारी?" अनुया म्हणाली.

"बुधवारी."

"बुधवारी सेंट लुसियाला कॅटमरान आहे," गंधार म्हणाला. "अख्खा दिवस. जेवण बोटीवर."

"उपाशीपोटी मी बोटीवर बसणार नाही. ओकेन मी."

"अनुया," अनुराधा शांतपणे म्हणाली, "आपण इथे कायम पुण्याच्या तारखेनंच करत आलोय. मी करायचे तेव्हाही तेच. गुरुवारीच कर."

इथे विषय संपू शकला असता. पण विधान अपुरे होते.

"तसं पाहिलं तर इथेही ते चूकच होतं," मी म्हणालो. "ही संकष्टी इंग्लंडमध्येसुद्धा बुधवारीच येते. दोन्हीकडच्या चंद्रोदयांत साडेपाच-सहा तासांचं अंतर पडतं. त्यामुळे वर्षाला दोनतीनदा तरी तारीख बदलणार."

अनुयाचे ओठ हलू लागले. ती मोजत होती.

"म्हणजे माझ्या अठरांपैकी..."

"साधारण चार."

"चार गेल्या?"

"सरासरीने. नक्की आकडा तारखा पाहून सांगता येईल."

"दादा, बस कर!" गंधार टेबलावर हात आपटून म्हणाला. "तुला कुणी विचारलं होतं?"

"तुझ्या बायकोनं."

"वेळ विचारली होती तिनं! तू लेक्चर देतोस. आईच्या श्राद्धाला भटजींना ग्रहणं समजावत बसला होतास, ते विसरलो नाही मी. अजून जहाजात पाय नाही ठेवला आणि तू बोट बुडवलीस."

अनुया रडली नाही. तिने कॅलेंडरचे पान होते तसेच दुमडले आणि म्हणाली, "उरलेल्या तरी नीट करू दे मला. बुधवारी मी काही खाणार नाही आणि कुठे येणार नाही. गुरुवारी जेवेन."

गंधारने लॅमिनेटवर पेन चालवून पाहिले; शाई पुसली गेली. मग त्याने बॅगेतून पिवळ्या चिकट चिठ्ठ्या काढल्या. दहा मिनिटे तो लिहीत होता आणि चिकटवत होता. बुधवार रिकामा झाला. गुरुवारच्या मोकळ्या ओळीवर एकामागून एक चिठ्ठ्या बसल्या: मसाल्याची बाग, डोंगरातला धबधबा, जेवण. सगळ्यात शेवटची चिठ्ठी त्याने अनुराधाकडे वळवून लावली. गुयाव्ह, २:२० ते ३:००.

"चाळीस मिनिटं?" अनुराधा म्हणाली.

"व्हॅन एकच आहे, वहिनी. धबधबा डोंगरात, गुयाव्ह किनाऱ्यावर. साडेचारला जहाजात चढायचा गँगवे बंद. मी काय करू?"

"चाळीस मिनिटांत तिला मी कोण ते कळायलाच वीस लागतील."

"उतरा-चढायचा वेळ धरूनच आहेत चाळीस. तुमचा गुडघा लक्षात घेतलाय."

"फार उपकार झाले," अनुराधा म्हणाली.

तिने शेवटच्या चिठ्ठीवर बोट ठेवले. "मी टॅक्सी करून जाते."

"आणि वाटेत टायर गेला तर? जहाज थांबत नाही हं कुणासाठी. मग तुम्हाला शोधत आम्ही बसायचं?" गंधारचा आवाज चढला. "वहिनी, राग मानू नका, पण ती बाई आपली कोण लागते? ना नात्यातली, ना गोत्यातली. एका म्हातारीसाठी चौघांचा दिवस मोडायचा?"

अनुराधाने कप खाली ठेवला, तक्त्याच्या कोपऱ्यावर नव्हे, गुरुवारच्या मधोमध.

"गंधार, तू या देशात आलास तेव्हा कुठे उतरलास?"

"दादाकडे. हे काय विचारणं झालं?"

"आणि तुझा दादा आला तेव्हा?"

गंधारने माझ्याकडे पाहिले. मी लॅपटॉपकडे पाहिले.

"मर्लच्या सोफ्यावर," अनुराधा म्हणाली. "अकरा आठवडे. सकाळी ड्यूटीवर जाताना ती याच्यासाठी डबा भरायची. हा त्यातला भात मोजायचा आणि मला सांगायचा, आज कमी होता. याला नोकरी लागली, आम्ही घर घेतलं, त्या घरात तू आलास. कोण लागते म्हणजे काय? ती नसती तर तुम्ही दोघे भाऊ कुठे असता?"

"मला हे कधी कुणी सांगितलं नाही," गंधार म्हणाला. त्याच्या स्वरात पश्चात्ताप नव्हता, तक्रार होती.

"तुझ्या दादाला सगळं सांगायची सवय आहे, तेवढं हेच सोडून."

ती माझ्याकडे वळली. "शशी, अनुयाला सांग की पुण्याची तारीख चालते."

"पण चालत नाही."

"कुणाला? गणपतीला?"

"मुद्दा तो नाही."

"तू गणपतीला मानत नाहीस. उपासाला मानत नाहीस. बुधवार असो की गुरुवार, तुझ्या लेखी दोन्ही दिवस सारखेच फुकट. मग एक वाक्य बोलायला तुझं काय जातं? परंपरेनं आपल्या गावची तारीख धरतात, एवढंच म्हण. ते खोटंसुद्धा नाही. तीस वर्षं लोक तेच करतायत."

"लोक करतात हे खरं आहे. बरोबर करतात हे खरं नाही. मी गणपतीला मानत नाही, पण चंद्राला मानतो. तो कुठे कधी उगवेल हे मला माहीत असताना दुसरंच कसं सांगू?"

"दादा, म्हणा ना," अनुया अनपेक्षितपणे म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता पाणी होते. "तुम्ही म्हणालात तर मी गुरुवारी करीन. ताईंचा दिवस जातोय. पण तुम्ही म्हणायला पाहिजे. कळल्यावर माझ्या मनानं मी नाही करू शकत."

तिघेही माझ्याकडे पाहत होते. माझ्याकडून अपेक्षित असलेले वाक्य पाच शब्दांचे होते. ते बोलल्याने कुणाच्या रक्तातला कुठलाही क्षार बदलणार नव्हता.

"बुधवार," मी म्हणालो.

अनुया उठून बाथरूममध्ये गेली. गंधारने एक शिवी दिली, जी त्याने माझ्यासमोर याआधी कधी दिली नव्हती. अनुराधा बैठकीच्या खोलीत गेली आणि टॅब्लेट घेऊन परत आली. टेबलाशी न बसता ती खिडकीशी उभी राहिली. बराच वेळ तिचा अंगठा तेवढा वरखाली होत होता.

"गॅटविकहून थेट विमान आहे," ती म्हणाली. "मी क्रूझला येत नाही."

"वहिनी, असं कसं? बुकिंग चौघांचं आहे."

"आता तिघांचं."

"हे डोक्यात राख घालून घेणं झालं."

"नाही. हे मी सप्टेंबरातच करायला हवं होतं, पत्र आलं त्या दिवशी. एका एकोणनव्वद वर्षांच्या बाईला मी फेब्रुवारीपर्यंत थांबायला सांगत होते, कारण तुझ्या तक्त्यात ती बसत होती." ती पुन्हा पडद्याकडे पाहू लागली. "पुढच्या आठवड्यात जागा आहे. दहा दिवस राहीन. तिच्या भाचीला आत्ता कळवते."

मी म्हणालो की निर्णय तर्काला धरून आहे. विलंबाने धोका वाढतच जाणार होता. हे मी मनापासून म्हणालो होतो. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की गंधारसुद्धा चिठ्ठ्या गोळा करायचा थांबला.

"मीही येतो," मी म्हणालो. "दोघांचं काढ."

"कशाला?"

"भेटायला. मीही राहिलो होतो तिच्याकडे."

"तिला दिसत नाही, शशी. आवाजावरून ओळखते ती. तू तिच्याशी शेवटचं कधी बोललास?"

प्रश्नाला निश्चित उत्तर होते. मर्ल ग्रेनाडाला निघाली तेव्हा तिला विमानतळावर सोडायला अनुराधा गेली होती. मला त्या दिवशी प्रयोगशाळेत काम होते. त्याआधीचा नाताळ तिच्याकडे झाला होता का, की त्याच्याही आधीचा? मी वर्षे मागे मोजत गेलो. आकडा हाती येण्यापूर्वीच तिने एका प्रवाशाचे तिकीट काढले होते.