तिसरा भाग बाईचा

मुरबाडच्या आमच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये एकच मशीन होतं. रीळ संपलं की पडदा पांढरा, दुसरं चढेपर्यंत लोकांनी थांबायचं. बी.एस्सी. झाल्यापासून, म्हणजे २००२ पासून, ते मीच चालवत होते. त्या रविवारी बाबा म्हणाले, "आजचा सिनेमा नीट गेला तर मशीन कायमचं तुझं. नाय तर मंगेश बघंल."

मंगेश माझा चुलतभाऊ. दारावर तिकिटं फाडायचा. रीळ कसं अडकवतात ते त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

सिनेमा हिंदीत डब केलेला, उडणाऱ्या वीरांचा तिसरा भाग. आधीच्या दोन्ही भागांत पुरुष उडाला होता. दुसऱ्यात फिल्म तुटली, मी सात मिनिटं जोडत बसले, कोणी हललं नाही. या भागात बाई उडत होती.

तिने बस उचलली आणि शिट्ट्या सुरू झाल्या.

"ए बाय, घरी जा, भात करपला!"

"बस उचलतंय! आदी हंडा उचल!"

बायकांच्या बाकांवरून सकुबाई ओरडली, "कपडे बगा गो तिचे! लाज नाय!"

मागच्या भागात त्याने आगगाडी उचलली तेव्हा हीच सकुबाई उभी राहून टाळ्या वाजवत होती.

रीळ संपलं, दिवे लागले. पुढच्या बाकावरच्या अनंताने मान वळवून मशीनच्या खिडकीकडे पाहिलं.

"आरं, मशीनवर पन बाईच हाय! तरीच चित्र हलत व्हतं!"

चित्र हललं नव्हतं. एक चप्पल खिडकीवर आपटली. बाबा धावत वर आले.

"संगीता, तू खाली वाकून चालव. खिडकीत मंगेश उभा राहील."

"आणि मशीन कोणाचं?"

"लोकांना नाय पटत गो. मी काय करू?"

मी हातातलं रीळ टेबलावर ठेवलं, खाली उतरले आणि बायकांच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

मंगेश खिडकीत दिसला. शिट्ट्या थांबल्या.

"हां! आता व्हईल बरोबर," अनंता म्हणाला.

मी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं झाली. आठ झाली. वर डबा पडल्याचा आवाज आला.

"सावकाश रे मंगेश!" अनंता ओरडला. "नाजूक काम असतं ते."

कोणी उठलं नाही. सकुबाईने शेंगांची पुडी सोडली.

चौदाव्या मिनिटाला बाबा बाकांमधून वाट काढत माझ्यापाशी आले. "चल गो वर."

"लोक खूश हायेत, बाबा," मी म्हटलं. "बसा."