करड्या जॅकेटची बाही

मी शिंपी आहे आणि तापट आहे. यातली पहिली गोष्ट वडिलांनी शिकवली, दुसरी गिऱ्हाइकांनी. पस्तीस वर्षं लोक ऐन वेळी येऊन "जरा सैल करा, जरा घट्ट करा" म्हणत आलेत, त्यामुळे कपड्याच्या बाबतीत कोणी मला चार शब्द सुनावायला लागलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी जसा वागलो त्याचं नवल वाटणार नाही.

आमची सून मोटारसायकल चालवते. हौस म्हणून नाही, नोकरी म्हणून. शहराबाहेरच्या तीन दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि थंड पेटीतून मोठ्या प्रयोगशाळेत पोचवायचे, हे तिचं काम. सकाळी एक फेरी, दुपारी एक. दुपारची फेरी नव्वद किलोमीटरची, आणि उन्हाळ्यात ती घ्यायला दुसरं कोणी पुढे येत नाही. मुलगा महिन्यातले वीस दिवस कामासाठी बाहेरगावी असतो, त्यामुळे तिची काळजी करायचं काम माझ्याकडे आणि बायकोकडे आलंय. बायको बोलून काळजी करते, मी न बोलता.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या बरोबरीचा एक जण अर्ध्या बाह्यांच्या शर्टात घसरून पडला. फार वेगात नव्हता, पण डांबरानं त्याचा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलून काढला. तीन महिने तो घरी बसला. सूनबाईंनी धसका घेऊन जाड जॅकेट घालायला सुरुवात केली, तर आठव्या दिवशी चक्कर आली आणि रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. यंदा तर ऑफिसनं कागदच लावला. सोमवारपासून दुपारच्या फेरीला अंगभर संरक्षक कपडे पाहिजेत, ज्यांना ते उन्हात झेपणार नाहीत त्यांनी टेबलावर बसावं. ती टेबलावर बसली असती तर तिन्ही दवाखान्यांची दुपारची फेरी बंद पडली असती. "तिकडच्या लोकांनी काय फक्त सकाळीच आजारी पडायचं का, बाबा?" असं ती म्हणाली, आणि गुरुवारी आम्ही दोघं दुकानात गेलो.

दुकानदार सडपातळ होता आणि मोजकं बोलायचा. दुकानाच्या मधोमध त्यानं एक मोटारसायकल स्टँडवर उभी केली होती. जॅकेट अंगावर चढवलेल्या प्रत्येकाला तो तिच्यावर बसवायचा. सून आरशाकडे वळली तर म्हणाला, "ताई, आरशासमोर सगळेच ऐटीत उभे राहतात. आधी इथे बसा, हँडल धरा."

त्यानं तीन जॅकेटं काढली. एक चामड्याचं, सगळ्यांत पक्कं, पण त्यात नुसतं उभं राहूनच तिच्या कपाळावर घाम आला. दुसरं जाड कापडाचं, छातीवर वारा आत घ्यायला दोन चेनी असलेलं. तिसरं जाळीचं. ते त्यानं दिव्यासमोर धरलं तर आरपार उजेड आला.

"ही तर पीठ चाळायची चाळणी आहे," मी म्हणालो.

"काका, जाळी फक्त छातीला आणि हाताच्या आतल्या बाजूला," तो म्हणाला. "माणूस ज्यावर पडतो ते खांदे आणि कोपर बघा. तिथे जाड कापड आहे आणि आत पॅड."

मी बोटांनी चाचपलं. खरं होतं, पण मी तसं म्हणालो नाही.

अडचण निराळीच निघाली. तिच्या मापाचं जाळीचं जॅकेट फक्त काळ्या रंगात होतं. फिकट करडं होतं ते एक माप मोठं, आणि तिच्या मापाचं करडं यायला तीन आठवडे लागणार होते. भर दुपारी काळा रंग तिला नको होता. इथे मी तोंड घातलं. म्हटलं, मोठंच घे, उन्हाळ्यात कपडा सैलच बरा, आत वारा खेळतो. दुकानदारानं मान हलवली. "वारा जाळीतून खेळला पाहिजे काका. बाही सैल असली की पॅड जागेवर राहत नाही."

"मग बाही मी आत घेतो. शिंपी आहे मी."

"शिवण जपून करा," एवढंच तो म्हणाला. मला ते झोंबलं. ज्याच्या बापानं कधी सुईत दोरा ओवला नसेल त्यानं मला शिवण शिकवावी. पण माझ्याकडे बघून का होईना, त्यानं जाड जॅकेट आणि करडं जॅकेट, दोन्ही दोन दिवस घरी नेऊन बघायला दिली.

आता खरी गोष्ट सुरू होते. माझ्या दुकानाच्या मागे इस्त्रीची खोली आहे. वर पत्रा, एकच खिडकी, दुपारी तिथे उभं राहवत नाही. सूनबाईंनी खिळ्याला थर्मामीटर लटकवला, त्यात बेचाळीस अंश दिसले. मग स्टूल घेऊन ती मधोमध बसली. आधी जाड जॅकेट घालून वीस मिनिटं, मग तासभर विश्रांती, मग जाळीचं घालून वीस मिनिटं. वहीत नाडीचे ठोके लिहायची, डोकं जड झालं का ते लिहायची. बायको दारातून म्हणाली, "अगं पोरी, कपडा घ्यायचाय की तप करायचंय?"

"आई, कपडा दुकानातल्या गारव्यात घालायचा नाहीये," ती म्हणाली.

बसल्या जागी दोन्ही जॅकेटांत सारखंच उकडत होतं. मला वाटलं, झालं, हात टेकले हिनं. तर तिनं टेबलफॅन ओढून समोर लावला. जाड जॅकेटात काही फरक पडला नाही. जाळीच्या जॅकेटात पडला, पण थोडाच, कारण वाराही गरमच होता. मग तिनं आतला बनियन पाण्यात भिजवून पिळला, तो घातला, वर जाळीचं जॅकेट चढवलं आणि पंख्यासमोर बसली. दहा मिनिटांनी म्हणाली, "बाबा, हात लावून बघा." मी पाठीवर हात ठेवला, तर माठाला लागावा तसा गार लागला. बनियन पन्नास मिनिटांनी वाळला. तिनं वहीत लिहिलं आणि म्हणाली, "दुसऱ्या दवाखान्यात नळ आहे. तिथे परत भिजवीन."

लोकांना मी लग्नाचे सूट निवडताना पाहिलंय. दोन-दोन तास कॉलरवर वाद घालतात, आणि हा कपडा घालून आपल्याला जेवायला वाकायचंय हे एकालाही आठवत नाही. या पोरीसारखं कपडा निवडताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटला. तोंडानं मात्र मी "पंखा बंद कर आता, वीज जळतेय" एवढंच म्हणालो.

जाळीचंच ठरलं. जाड जॅकेट परत केलं. करडं जॅकेट घालून ती अंगणात मोटारसायकलवर बसली, हँडल धरलं आणि मला म्हणाली, "बाही धरून फिरवा." मी फिरवली तर कोपराचं पॅड सरळ आतल्या बाजूला आलं. "पडले तर हे नुसतं बघ्याची भूमिका घेणार," ती म्हणाली. दुकानदार खरं बोलत होता तर.

शनिवारी दुपारी मी बाह्या आत घ्यायला बसलो. कोपरावरून मागे जाते ती शिवण दोन्हीकडच्या जास्तीच्या कापडासकट पट्टीसारखी कापून काढली आणि नवी टीप मारली. अशी सरळ, अशी बारीक, की कंपनीवाल्यांनी बघत राहावं. तिनं घालून पाहिलं. पॅड जागेवरून हललं नाही. मी बायकोकडे बघून मिशीतल्या मिशीत हसलो.

"बाबा, कापलेली पट्टी कुठाय?" तिनं विचारलं.

पट्टीवर कंपनीची जुनी शिवण तशीच होती. तिनं पट्टीचा एक तुकडा बाजूला ठेवला, दुसरा शिवणीवर उसवून माझ्यापुढे ठेवला आणि त्याचे दोन भाग, बाहीला मारली तशीच टीप मारून जोडायला सांगितले. मग तिनं ती जुनी आठ किलोची लोखंडी इस्त्री आणली, जी मी दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून ठेवतो. मागच्या दाराची पायरी खडबडीत दगडाची आहे. आधी कंपनीची शिवण इस्त्रीखाली बांधून तिनं त्या पायरीवरून फरफटत ओढली. पंचवीस वेळा ओढली तरी शिवण नुसती केसाळ झाली. मग माझी. तिसऱ्या खेपेला दोरा तुटला आणि चौथ्या खेपेला दोन्ही भाग वेगळे झाले.

माझ्या हातची शिवण माझ्याच पायरीवर उसवली होती, आणि बायको तांब्या हातात धरून उभी होती. माझा पारा चढला. म्हणालो, पस्तीस वर्षांत माझी शिवण कोणी दगडावर घासली नाही, शहाण्यासारखा कपडा वापरणाऱ्यांसाठी शिवतो मी. आणखीही बरंच बोललो. ती खाली बघत ऐकत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "तुमच्या हातची आहे म्हणून मी सोडून दिलं असतं, बाबा. रस्ता सोडणार नाही."

मी आत गेलो. पण हातात दोन्ही तुकडे होते, ते काही ठेववेनात. खिडकीशी नेऊन बघितले. कंपनीच्या शिवणीत तीन टिपा होत्या. एक वर दिसणारी, दोन दुमडीच्या आत दडवलेल्या, आणि दोरा जाड, गुळगुळीत, नायलॉनचा. मी एकच टीप मारली होती, तीही शर्टाच्या दोऱ्यानं. मला सवय देखण्या शिवणीची. शिवण कोणी घासली तर काय, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडलाच नव्हता. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात, माझे सुनेनं टोचले, आणि बरोबर जागी टोचले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जण प्रवासी बॅगा शिवतो. त्याला मी आजवर "गोणपाट शिवणारा" म्हणत आलोय, त्याच्या तोंडावर. रविवारी सकाळी जॅकेट घेऊन त्याच्याकडे गेलो. तसला दोरा माझ्या मशीनला पेलणार नव्हता, त्याच्या मशीनला पेलत होता. त्यानं मला स्टूल दिलं आणि म्हणाला, "बसा मास्तर, आज गोणपाटवाल्याकडे कसं काय येणं केलंत?" मी बसलो आणि दोरा मागितला. पहिल्या दोन चिंध्यांवर टीप वाकडी गेली, जाड सुईचा अंदाजच येईना. तिसऱ्या चिंधीवर जमली. मग दोन्ही बाह्यांवर दोन टिपा दुमडीच्या आत आणि एक वर मारली. एकोणसाठाव्या वर्षी मी शिवण शिकत होतो, आणि खरं सांगायचं तर मजा येत होती.

चिंधी पायरीवर तिनं नाही, मीच घासली. तीस वेळा. ती शेजारी उभी राहून मोजत होती. तीस झाल्यावर म्हणाली, "उद्या जाते मी." सोमवारी ओला बनियन, करडं जॅकेट, छिद्रांचे हातमोजे असा सगळा सरंजाम चढवून ती दुपारच्या फेरीला गेली आणि वेळेवर, तोंड लाल पण शुद्धीवर, घरी आली. ऑफिसनं तिचं नाव दुपारच्या फेरीला कायम केलं.

सतराव्या दिवशी तिला तासभर उशीर झाला. बायको तीनदा गेटपर्यंत जाऊन आली. मी एकाच शर्टाला दोनदा काज केलं. शेवटी मोटारसायकल आली, आरसा तुटलेला, आणि सून चालत आत आली. तिसऱ्या दवाखान्याच्या वळणावर खडी पसरली होती, घसरून उजव्या अंगावर पडले, असं तिनं सांगितलं. पेटी शाबूत होती म्हणून आधी नमुने पोचवले, मग घरी आले, असंही सांगितलं.

बायको तिच्याकडे धावली. मी जॅकेटकडे. तिच्या अंगावरून उतरवून घेतलं, उजवी बाही उलटी केली आणि खिडकीशी धरली. कोपरावरचं कापड घासून पांढरं पडलं होतं. वरची टीप पार गेली होती. आतली पहिली अर्ध्यावर तुटली होती. तिसरीचा टाका न् टाका जागेवर होता. मी बोट फिरवून टाके मोजत होतो.

"बाबा," ती मागून म्हणाली, "मी इकडे आहे."

मी वळलो. तिनं हात पुढे केला. कोपर सुजून निळं पडलं होतं, लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. पण कातडं जसंच्या तसं होतं. मी अंगठ्यानं कोपरापासून मनगटापर्यंत हात चाचपला, कुठेही ओरखडा नव्हता. मला तिला सांगायचं होतं की आजवर माझे कपडे घालून लोक समारंभाला गेले, फोटोत उभे राहिले, पण असं कोणी घरी परत आलं नव्हतं. त्याऐवजी मी तिथेच स्टुलावर बसलो. बायकोनं तिच्यासाठी पाणी आणलं होतं, ते मी प्यायलो.